पेठ, तालीम आणि पंचगंगा: भूमिकाखेळासाठी शहर निवडताना

टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण, म्हणजे सूत्रधार, जग सांभाळतो, बाकीचे त्या जगातली एकेक व्यक्ती होतात. बोलून, विचार करून आणि अडलं की फासे टाकून मिळून एक गोष्ट घडवतात. टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणतात तो हा खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये छापून आला तेव्हा त्याचं मुख्य ठिकाण जमिनीखालची भुयारं हे होतं. आत शिरायचं, लढायचं, खजिना घेऊन बाहेर पडायचं. पण खजिना आणला की तो खर्च करायला गाव लागतं, आणि गावात गेलं की ओळखी होतात, उधाऱ्या होतात, वैर होतं. म्हणून काही महिने खेळलेला प्रत्येक गट कधी ना कधी एका प्रश्नाशी येतो: आता शहरात खेळायचं, तर कोणत्या? उत्तरादाखल बहुधा प्रसिद्ध पुस्तकांची नावं पुढे येतात. ती पुस्तकं चांगलीच आहेत, पण मराठी गटांसाठी या प्रश्नाचं उत्तर त्यांच्यापाशी संपत नाही. भुयार आणि शहर यांत मोठा फरक आहे. भुयारात ज्याला दुखावलं त्याची पुन्हा भेट होत नाही. शहरात ती दुसऱ्याच दिवशी चहाच्या गाडीवर होते. ही पुन्हापुन्हा पडणारी गाठ जे शहर घडवून आणतं ते खेळाला चांगलं, आणि या कसोटीवर कोल्हापूर जगातल्या नावाजलेल्या काल्पनिक शहरांच्या शेजारी बसतं, असं माझं म्हणणं आहे.

आधी पुस्तकांकडे पाहू. पहिली परंपरा आहे सगळं सांगून टाकण्याची. जजेस गिल्ड या प्रकाशनाने १९७६ मध्ये ‘सिटी स्टेट ऑफ द इनव्हिन्सिबल ओव्हरलॉर्ड’ काढलं. मोठा नकाशा आणि त्यावरच्या दुकानांची, मालकांची, त्यांच्या स्वभावांची जंत्री. फ्रिट्झ लायबरच्या कथांमधलं लांखमार १९८५ मध्ये खेळाच्या पुस्तकात आलं. वॉटरडीप हे बंदराचं शहर तर अनेक पुस्तकांतून वाढत गेलं. या परंपरेचं टोक म्हणजे माँटी कुकचं २००६ मधलं ‘टॉलस’, सहाशेहून अधिक पानांचं. अशा पुस्तकांचा मोठा आधार असतो. खेळाडू अचानक कुठल्याही गल्लीत वळले तरी तिथे काहीतरी लिहिलेलं सापडतं. अडचण अशी की सूत्रधाराला शहर आधी अभ्यासावं लागतं, आणि खेळाडूंना ते कधीच पूर्ण कळत नाही. लोहाराचं दुकान कुठे आहे हे पुस्तक सांगतं, पण त्या लोहाराशी भांडल्यावर उद्या कोण दारात येईल हे पुष्कळदा सांगत नाही. जंत्री कितीही लांबली तरी तिच्यातून आपोआप गोष्ट निघत नाही.

दुसऱ्या परंपरेने हे ओळखलं. केऑसियमच्या १९८१ च्या ‘थीव्ह्ज वर्ल्ड’ संचात सँक्च्युअरी नावाचं एक मरगळलेलं शहर होतं. त्याचं बळ त्याच्या माणसांत होतं, म्हणून ते वेगवेगळ्या नियमपद्धतींत वापरता येईल असंच बांधलेलं होतं. १९९१ च्या ‘शिकागो बाय नाइट’ने खऱ्या अमेरिकी शहरावर रक्तपिपासूंचा दरबार बसवला आणि कोण कोणाचा ऋणी, कोण कोणावर उठलेला याचं जाळं हेच शहर मानलं. १९९४ च्या ‘प्लेनस्केप’मधलं सिगिल पंधरा पंथांमध्ये वाटलेलं आहे. त्याची स्वामिनी कधी बोलत नाही, आणि तिच्याशी लढता येईल असे आकडेच रचनाकारांनी तिला दिले नाहीत. शहराच्या सर्वोच्च सत्तेला खेळाडूंच्या आवाक्याबाहेर ठेवलं की बाकीच्यांतली चढाओढ रंगते, हा धडा तिथून मिळतो. जॉन हार्परच्या ‘ब्लेड्स इन द डार्क’ने २०१७ मध्ये हेच नियमांत बसवलं. डॉस्कव्होल हे कायम काळोखातलं, विजेच्या कुंपणाने वेढलेलं शहर. बाहेर भुतांचा वावर, त्यामुळे पळून जायला जागा नाही. प्रत्येक टोळीशी तुमचं नातं एका आकड्याने मोजलेलं. येऊ घातलेलं संकट कागदावर वर्तुळ काढून, त्याचे चार-सहा-आठ भाग एकेक करून रंगवून दाखवलेलं. या खेळातलं शहर पानांनी लहान आहे, पण प्रत्येक कृतीचा हिशेब ठेवतं.

तिसरी परंपरा शहर खेळाडूंच्याच हाती देते. ‘ड्रेस्डेन फाइल्स’च्या २०१० च्या खेळात मोहीम, म्हणजे अनेक बैठकांत चालणारी सलग गोष्ट, सुरू होण्याआधी सगळे मिळून आपल्या ओळखीच्या शहराची ठिकाणं, चेहरे आणि धोके ठरवतात. अ‍ॅव्हरी आल्डरच्या २०१३ मधल्या ‘द क्वाएट इयर’मध्ये पत्त्यांची बावन्न पानं म्हणजे वर्षाचे बावन्न आठवडे. प्रत्येक पानागणिक वस्तीचा नकाशा सगळ्यांच्या हातांनी भरत जातो. या तिन्ही परंपरा एकत्र ठेवल्या की शहर पारखायला तीन प्रश्न हाती येतात. इथली माणसं कशाची आहेत, आणि ते उघड दिसतं का? असं काय आहे, जे सगळ्यांना हवं आहे पण वाटून घेता येत नाही? आणि वर्षात असे कोणते दिवस आहेत, जे एकमेकांना टाळणाऱ्यांनाही एका जागी आणतात? तिन्ही उत्तरं भक्कम असतील तर नकाशा कच्चा असला तरी चालतो.

हे प्रश्न घेऊन मराठी मुलखात फिरलं तर निवड बरीच मोठी निघते. दरबारी कारस्थान हवं असेल तर पेशवाईतल्या पुण्याला तोड नाही. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला आणि पुढे बारभाईंचं राजकारण उभं राहिलं. संशय, साक्ष, वारसा हे सगळं तिथे एका वाड्याभोवती गोळा झालेलं आहे. चोरी-शिताफीचा खेळ हवा असेल तर छत्रपती संभाजीनगर घ्यावं. मलिक अंबरने वसवलेलं खडकी ते हेच; तिथे जमिनीखालून आणलेल्या पाण्याच्या नहरी आहेत आणि वर दरवाजेच दरवाजे. भयकथेला जुनं गोवे. रोगराईने रिकामं होत गेलेलं, राजधानीचा मान पणजीकडे गेलेला, आणि मागे ओस पडलेली भव्य चर्चं. मुंबई मात्र एका मोहिमेत मावत नाही. गिरणगावाचा एखादा भाग आणि १९८२ चा संप एवढंच घेतलं तर ती चांगली खेळते. सगळी मुंबई घेतली तर माणसं पुन्हा भेटतच नाहीत. ही चारही ठिकाणं आपापल्या जातीच्या खेळाला उत्तम. पण महिनोन्‌महिने चालणाऱ्या, वेगवेगळ्या स्वभावाच्या खेळाडूंना सामावून घेणाऱ्या मोहिमेसाठी एकच शहर सांगायचं झालं तर मी कोल्हापूर सांगेन.

पहिला प्रश्न आपलेपणाचा. कोल्हापुरात त्याचं उत्तर तालीम हे आहे. तालीम म्हणजे मुळात लाल मातीचा हौदा, वस्ताद आणि पहाटेच्या जोर-बैठका. पण या शहरात तालीम तेवढ्यावर थांबलेली नाही. पेठेचा गणपती तालमीचा. पुष्कळ ठिकाणी मोहरमचा पंजाही त्याच तालमीत बसतो. बाबूजमाल दर्ग्याच्या दारावर गणपती कोरलेला आहे, तो याच शहरात. फुटबॉलचा संघ तालमीचा: पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावं शाहू स्टेडियमवर पेठांच्या अभिमानाने घेतली जातात. पुरात होडी घेऊन आधी निघतात ती तालमीची आणि तरुण मंडळांची पोरं. खेळाच्या भाषेत सांगायचं तर ही आयती टोळी आहे, पण गुन्हेगारीच्या एकाच कामापुरती अडकलेली नाही. तिच्याकडे ताकद आहे, जागा आहे, ज्येष्ठांची उतरंड आहे, उत्सव आहे आणि शेजारच्या पेठेशी जुनी ईर्षा आहे. डॉस्कव्होलच्या टोळ्यांना नियमांनी जे द्यावं लागलं ते इथे समाजाने घडवून ठेवलं आहे. खेळाडूंनी पहिल्या बैठकीत फक्त एवढं ठरवायचं: आपण कोणत्या तालमीचे?

दुसरा प्रश्न न वाटता येणाऱ्या गोष्टीचा. इथे त्या दोन आहेत, पाणी आणि मान. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी आणि लोकश्रद्धेतली गुप्त सरस्वती मिळून पंचगंगा होते, आणि पावसाळ्यात सारं शहर राजाराम बंधाऱ्याच्या पातळीकडे डोळे लावून बसतं. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या आसपास गेलं, महामार्ग बंद पडला आणि शहर बेटासारखं तुटलं. हार्परने वर्तुळाचे भाग रंगवून जो ताण निर्माण केला तो इथे फूटपट्टीवर आधीच कोरलेला आहे. सूत्रधाराने दर बैठकीला फक्त आजची पातळी सांगावी. तिसऱ्या बैठकीला खेळाडू स्वतःच विचारतील, किती झालं पाणी? मानाची गोष्ट आणखी खोल आहे. त्र्यंबोली देवी रुसून टेकडीवर जाऊन बसली, विजयाच्या आनंदात आपल्याला विसरले म्हणून, अशी कथा आहे. नवरात्रातल्या ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी तिच्या भेटीला जाते आणि तिथे कोहळा फोडला जातो. विसरलेल्या मानाची भरपाई दरवर्षी, सगळ्यांसमोर, स्वतः चालत जाऊन करायची, हे ज्या शहराने देवतांच्या पातळीवर मान्य केलं आहे तिथे खेळाडूने कोणाचा मान मोडला तर पुढचं कथानक शोधावं लागत नाही. पैशाने फिटत नाही आणि विसरलंही जात नाही असं चलन खेळाला मिळतं.

तिसरा प्रश्न दिवसांचा. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत मावळतीची किरणं अंबाबाईच्या मूर्तीवर चढत जातात. हा किरणोत्सव ठरल्या दिवशी, ठरल्या मिनिटांत होतो आणि वाटेत आलेलं बांधकाम त्याला अडवू शकतं. एका घराचा मजला उठला की सगळ्या शहराचा प्रश्न होतो. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला गावोगावच्या सासनकाठ्या डोंगर चढतात. दसऱ्याला दसरा चौकात सीमोल्लंघन आणि सोनं लुटणं. खासबागेच्या मैदानात कुस्ती लागली की वैरी पेठाही एकाच उतारावर बसतात. ‘क्वाएट इयर’ला पत्त्यांची पानं लागतात, इथे पंचांग पुरतं. सूत्रधाराने मोहिमेच्या आरंभीच पुढचे चार सण कागदावर मांडावेत आणि प्रत्येक सणाला कोणाला काय हवं आहे ते लिहावं. कारस्थानं आपोआप त्या तारखांकडे सरकू लागतात.

या तिन्ही उत्तरांच्या खाली आणखी एक देणं आहे, ते थरांचं. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकाडाच्या उत्खननाने सातवाहन काळातली वस्ती उजेडात आणली. तिथेच समुद्रदेव पोसायडनची रोमन कांस्यमूर्ती सापडली, ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. समुद्रापासून घाटाने तुटलेल्या शहरात परक्या समुद्राचा देव कोणी आणला, या एका प्रश्नावर पूर्ण मोहीम उभी राहते. कोट पडला, पण गंगावेश, रंकाळा वेश ही नावं तोंडात राहिली. वरुणतीर्थ तळं बुजलं, तिथे गांधी मैदान झालं. कपिलतीर्थाच्या जागी मंडई बसली. भुयारांची ज्यांना हौस आहे त्यांनाही इथे जमिनीखाली जायला कारण मिळतं, कारण आजच्या रस्त्याखाली खरोखरच दुसरं शहर आणि दुसरं पाणी आहे.

काळ कोणता घ्यावा? माझी शिफारस १९२० ची. शाहू छत्रपतींच्या कारकिर्दीची ती शेवटची वर्षं. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने निम्म्या नोकऱ्या मागासवर्गीयांसाठी राखल्या गेल्या, त्याला आता अठरा वर्षं झालेली. मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य विद्यार्थ्यांची वसतिगृहं उभी राहिलेली, म्हणजे खेड्यातून आलेल्या तरुण खेळाडू-पात्रांना शहरात पहिलं घर आणि पहिली ओळख तयार. १८९१ पासून रेल्वे आहे, शाहूपुरीची गुळाची पेठ भरात आहे, शाहू मिलचा भोंगा वाजतो आहे, राधानगरीचं धरण अपुरं उभं आहे. १९१८ च्या इन्फ्लुएंझाची आठवण ताजी. खासबाग मैदान आणि त्याला लागून असलेलं पॅलेस थिएटर ही दोन्ही नवी. बाबूराव पेंटर ‘सैरंध्री’ पडद्यावर आणत आहेत, तेही कोल्हापुरात घडवलेल्या कॅमेऱ्यातून. मार्चमध्ये माणगावला अस्पृश्यांची परिषद भरते आणि अध्यक्षस्थानी तरुण भीमराव आंबेडकर असतात. शेजारी इंग्रज रेसिडेंटची कचेरी सगळ्यावर नजर ठेवून. पैलवान, चित्रकार, गुळाचा अडत्या, बोर्डिंगातला विद्यार्थी, मिल कामगार, नाटकातला नट: या सहा जणांना एकत्र यायला कारण शोधावं लागत नाही आणि सहाही जणांचं म्हणणं एक असणं शक्य नाही. छत्रपतींना मात्र सिगिलच्या स्वामिनीसारखं पडद्यामागेच ठेवावं. त्यांचे हुकूम पोचावेत, त्यांच्याशी फासे टाकून वाद घालण्याची वेळ येऊ नये.

यावर आक्षेप येतील, आणि त्यातला सर्वांत गंभीर आक्षेप आधी घ्यायला हवा. हे जिवंत लोकांचं शहर आहे. इथली देवी लोकांची आई आहे, जात ही इथे खरी जखम आहे, पूर हे खरं दुःख आहे. त्यावर फासे टाकणं योग्य का? मला वाटतं, मर्यादा पाळून योग्य, आणि त्या मर्यादा सांगता येतात. देवतेला आकडे द्यायचे नाहीत, तिच्या तोंडी सूत्रधाराने वाक्य घालायचं नाही. तिचं असणं माणसांच्या वागण्यातून दिसावं. जात ही पात्राची शक्ती किंवा उणीव म्हणून कागदावर कधीच लिहायची नाही. ती समोर यावी ती अडवणाऱ्या दाराच्या, नाकारलेल्या पाण्याच्या आणि ते दार उघडणाऱ्या माणसांच्या रूपात. तालमींची खरी नावं बदलायची, हयात व्यक्ती आणायच्या नाहीत. पुराचा खेळ लुटीचा नसावा, सुटकेचा असावा, आणि ज्याच्या घरात पाणी शिरलं होतं असा कोणी टेबलाशी असेल तर आधी त्याला विचारावं. काल्पनिक शहर निवडल्याने हे प्रश्न टळतात असंही नाही. तिथे वंश, देव आणि गुलामी असतेच, फक्त दुखणाऱ्या माणसाचा चेहरा समोर नसतो म्हणून लोक निष्काळजी होतात. ओळखीचं शहर खेळणाऱ्याला जबाबदार करतं.

दुसरा आक्षेप कल्पनारम्यतेचा. रोज पाहतो तेच खेळायचं असेल तर खेळायचं कशाला? पण अद्भुताला पाय टेकायला ओळखीची जमीन लागते. रंकाळ्याच्या पाण्यात रात्री दिवे दिसू लागले, किरणोत्सवाच्या दिवशी किरणं चुकीच्या दिशेने आली, या गोष्टी अंगावर येतात, कारण एरवी तिथे काय असतं ते माहीत आहे. अनोळखी शहरात काहीही घडू शकतं, म्हणूनच काही घडल्याचं आश्चर्य कमी होतं. तिसरा आक्षेप असा की कोल्हापूरबाहेरच्या गटाला हे कसं जमणार? शिकागो पाहिलेलं नसतानाही जगभर लोक शिकागो खेळले. शहराची नाती कळली की गल्ल्या मागून कळतात. नागपूरच्या किंवा नाशिकच्या गटाने हेच तीन प्रश्न आपल्या शहराला विचारले तर तिथेही उत्तरं निघतील, आणि ती निघावीत हीच इच्छा आहे. चौथा आक्षेप आकाराचा: कोल्हापूर लहान आहे. ते खरं आहे, आणि त्यातच त्याचं बळ आहे. ज्या शहरात फसवलेला माणूस आठवड्याच्या आत मंडईत दिसतो तिथे फसवणूक हा निर्णय होतो.

छापील पुस्तक नसताना तयारी कशी करायची, ही व्यावहारिक शंका उरते. एक कागद पुरतो. वर नकाशाच्या जागी पाच वॉर्ड आणि त्यांतल्या पेठा. त्याखाली दोन काल्पनिक तालमी, एक बोर्डिंग, एक अडत दुकान, एक नाटक कंपनी आणि रेसिडेंटची कचेरी. प्रत्येकाला आत्ता काय हवं आहे आणि कोणी त्याचा मान मोडला आहे, एवढी दोन वाक्यं. बाजूला पंचगंगेची पातळी आणि येणारे चार सण. बाकीचं शहर खेळता खेळता भरत जाईल.

एक लाभ मात्र कोणत्याही विकतच्या पुस्तकात मिळत नाही, आणि माझ्या लेखी तो सर्वांत मोठा आहे. परक्या शहरात खेळताना मराठी गटही नकळत इंग्रजीकडे सरकतो, कारण तिथल्या जागांची, पदांची, वस्तूंची नावं इंग्रजी असतात. टॅव्हर्नमध्ये बसलेला साहसवीर मराठीत बोलू लागला की त्याचं बोलणं भाषांतरासारखं लागतं. त्याला तिथून उठवून गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर आणावं. म्हशीच्या धारेचा फेसाळ पेला हातात, शेजारी समोरच्या तालमीचा वस्ताद, नदी ३८ फुटांवर. आता त्याला जे म्हणायचं आहे ते त्याच्याच भाषेत, त्याच भाषेच्या जरबेसह आणि मायेसह तोंडून निघेल. भूमिका घेणं म्हणजे दुसऱ्याच्या जागी उभं राहून बोलणं. ते जिथे आपल्या भाषेत सहज जमतं, त्या शहरापासून सुरुवात करावी.